तीनशे कळ्या

१८ ऑगस्ट
बदनापूरचा प्लॉट. बियाणे कंपनीची पत्रं लिहिणारा मी आता प्रशिक्षकही. संस्कृत शिकलेल्याला काहीही शिकवता येतं, ही साहेबांची श्रद्धा. बारा बाया, कपाशीचं क्रॉसिंग, म्हणजे हातानं संकर. कळी सोलायची, पुंकेसर काढायचे, मधल्या काडीला नख लागू द्यायचं नाही, नाहीतर कळी गळते. प्रशिक्षणाच्या शेवटी दोघी मुकादम म्हणून कायम. शोभाबाईंना ती जागा हवीच आहे. हात सगळ्यांत नीट त्यांचा, शंकाही त्यांच्याच जास्त.

२० ऑगस्ट
साहेब आले. लक्ष्याशिवाय माणूस शिकत नाही म्हणे. फळ्यावर मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं: रोज तीनशे कळ्या. त्यानंतर एकीनेही काही विचारलं नाही. संध्याकाळी शोभाबाई निम्म्यावर. म्हणाल्या, "सर, आधी हाताला शिकू द्या, मंग मोजा."
मी : "बाई, कळी सोलून राह्यल्या का पूजा मांडून?"
सगळ्या हसल्या. त्याही, जरा उशिरा.

२१ ऑगस्ट
शो. तीनशेच्या पुढे! शाबासकी दिली. कळ्या मोजल्या, पाहिल्या नाहीत.

२६ ऑगस्ट
आकडा लावल्यापासूनच्या कळ्या गळताहेत. शो.च्या ओळीत सर्वांत जास्त. सोललेल्या कळीला खुणेला बांधलेले लाल दोरे तेवढे राहिलेत. काडीला नख. आकड्याआधीच्या दोन दिवसांची बोंडं मात्र टुमटुमीत, पण ती कोण बघतो. सा.नी मुकादमीसाठी दोन नावं निवडली. शो. नाहीत.

२७ ऑगस्ट
शो. ऑफिसात आल्या, नव्या जालन्यात. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. कळ्यांची गळ कबूल केली, फळ्याला दोष दिला नाही. तो मी द्यायचा होता.
"सगळ्या हसल्या तवा वाटलं, माझंच चुकून राह्यलं. आठ दिवस पुन्हा द्या सर. आकडा नका लावू. मला येतंय ते."
बघतो म्हणालो. पत्रव्यवहारातलं माझं आवडतं क्रियापद.

२८ ऑगस्ट
सा.ना सगळं सांगितलं. फळा माझ्या हातचा, थट्टाही माझीच. ऐकून घेतलं, चहा पाजला. एक जागा अजून निघू शकते म्हणाले, बाईंना आठ दिवस देऊ. अर्ज तुम्हीच करा. फक्त त्यात रोजचं लक्ष्य किती, ते लिहा. त्याशिवाय वर मंजूर होत न्हाई.
अर्ज तयार आहे. शो.चं नाव, गाव, कारण, सगळं नीट. तेवढा एक रकाना कोरा. सा. पाचला निघतात. साडेचार झाले.