बर्फाच्या वाऱ्यावर वाचलेला धवला

सारसोळे, नेरूळ

ती. पुतळाबायस,

धाकट्या रोहिदासचा वाकून नमस्कार. करंज्याला सगळे ठणठणीत असाल, दाजींचा गुडघा त्यांना होडीवर चढू देत असेल आणि तू गोळ्या पदराला बांधून विसरत नसशील, असं धरून चालतो. इकडे आम्ही बरे आहोत. पण परवा घरात जे पाहिलं त्यातून मी अजून भानावर आलेलो नाही, म्हणून लिहितोय.

टीव्हीमागची ती काळी पेटी तुला आठवत असेल. आमच्या कल्पेशने पुण्याला नोकरीला जाण्याआधी बसवली होती. घरातले सगळे फोटो, लग्नांची शूटिंगं आणि आईने गायलेले हळदीचे धवले तिच्यात. (आपल्याकडे भटजी उशिरा आला तर चालायचं, धवला म्हणायला आई उशिरा आली तर हळद थांबायची.) तेरा वर्षं ती पेटी अखंड चालू होती आणि मी तिच्याकडे एकदाही धड पाहिलं नाही. आमच्या हिने तिच्यावर विणलेला रुमाल घातला, त्यामुळे वाऱ्याची भोकं बंद. आठ महिन्यांपूर्वी तिच्यावर लाल दिवा लागला, तर ही रोज दिवेलागणीला देवाबरोबर त्यालाही हात जोडायला लागली. परवा मात्र पेटी टोपलीतल्या चिंबोऱ्यांच्या नांग्यांसारखी कटकट वाजू लागली आणि आमच्या मनस्वीचा चेहरा उतरला. तिची हळद पंधरवड्यावर आलीय, आणि आजी गेल्यापासून पोरीचा एकच हट्ट, की हळद लागेल तर आजीच्याच धवल्यावर.

कल्पेशने फोनवर बजावलं की पेटी बंद करू नका, पुन्हा सुरू होणार नाही. मग जुईनगरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला नंदकिशोर आला. त्याने सांगितलं, आत दोन डिस्क आहेत. लाल दिवा म्हणजे एक आठ महिन्यांपूर्वीच वारली आणि दुसरी तेव्हापासून एकटीने दोघींचा संसार ओढतेय. बाय, मी थक्क झालो. न्हावा शेव्याला तीस वर्षं कंटेनरचे कागद केले, पण असं मुकाट्याने ओझं वाहणारं कुणी पाहिलं नाही. सगळं नव्या डिस्कवर उतरवायला संध्याकाळ होईल, तोवर ही तापता कामा नये, एवढं सांगून तो चहाला गेला. आता आपल्या घरात एखादी गोष्ट टिकवायची तर काय करतात? तो परत आला तेव्हा थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फ, त्यावर पेटी, आणि हिच्या हातात वरच्या थराचा बर्फ, अगदी पापलेट भरावं तसं. (प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती, एवढी अक्कल आम्हाला आहे.) नंदकिशोर पांढराफटक पडला. शेवटी तोड निघाली: पेटी टेबलावर, समोर परातीत बर्फ आणि त्यामागे पंखा.

दिवसभर आम्ही परात बदलत पडद्यावर सरकणारी नावं वाचत बसलो. तुझ्या रुतिकाचं बारसं, दाजींची नवी होडी, कधी काढले तेही आठवत नाही असे फोटो. अठ्ठेचाळीस हजार, तेही तळहाताएवढ्या डिस्कमध्ये. सगळ्यांत शेवटी रुतिकाच्या हळदीतला धवला आला आणि तिथेच अडकला. मनस्वीने माझा हात घट्ट धरला. (ही गावदेवीला नारळ बोलून मोकळी.) दहा मिनिटांनी फाईल हलली, पूर्ण उतरली, आणि त्याच क्षणी डिस्क कायमची गप्प झाली. मी तिला हात जोडले. नंदकिशोरनेही जोडले.

फाईल तपासायला त्याने ती मधूनच लावली आणि आईचा आवाज घरभर भरला. आम्ही तिघं रडलो. नंदकिशोर मूळचा विदर्भातला, त्याला शब्द कळेनात, तरी तोही डोळे पुसत होता.

तुझा,
रोहिदास

ता. क. हळद येत्या नव्हे, त्यापुढच्या शनिवारी दुपारी आहे. तू मंडपात नुसती बसलीस तरी पुरे, धवला स्पीकरवर लावू.

पुन्हा ता. क. वरचा ता. क. वाचू नकोस. आत्ता ती फाईल एकट्याने पहिल्यापासून ऐकली. दोन ओळी होतात, आई थांबते, धापा टाकते आणि म्हणते, "पुतले, आता तू घे गो. मना दम लागलाय." पुढची चाळीस मिनिटं तू आहेस, बाय. (मी तेव्हा मटणाच्या टोपाशी होतो, मला काय माहीत.) ज्या आवाजाला आम्ही आई समजून रडलो, तो तुझा आहे. आणि आई गेल्यापासून तू 'मला तिचा गळा नाही' म्हणत एकाही हळदीत तोंड उघडलेलं नाहीस. फोनवर सांगितलं तर तू फोन ठेवशील, म्हणून हेही पत्रातच लिहितोय. मनस्वीला अजून काही बोललो नाही. स्पीकरवाल्याला मात्र नको म्हणून कळवलंय.