थर्मासमधली मटकी

रविवार, संध्याकाळी साडेसात

निनाद आलाच नाही. खराडीहून विश्रांतवाडीला यायला पोराला असा किती वेळ लागतो? दुपारी फोन. "आई, ऑफिसचं काम निघालंय. पुढच्या रविवारी नक्की." मागच्या रविवारीही हेच. आणि मी त्याच्या आवडीच्या उसळीसाठी शुक्रवारीच मटकी भिजत घातलेली!

शेवटी "जेवलीस ना?" विचारलं. हो म्हणाले. का म्हणाले? नाही म्हटलं असतं तर मोबाइलवरून काहीतरी पाठवलं असतं. तेवढं करतो तो.

मटकी टाकवेना. उद्या शाळेत नववीच्या मुलांना दाखवता येईल म्हणून दोन थर्मासमध्ये भरली. एकात मोडाची, दुसऱ्यात उकडून गार केलेली, म्हणजे निर्जीव. तोंडाला कापसाचे बोळे, मोडांना हवा लागते. हवेतला ऑक्सिजन घेऊन पेशी दाण्यातली साखर वापरतात, त्यातून ऊर्जा मिळते आणि थोडी उष्णता बाहेर पडते. आत्ता पाहिलं तर मोडांचा थर्मास एकतीस अंश. उकडलेला चोवीस, खोलीइतकाच. इतकी वर्षं शिकवतेय, तरी दर वेळी नवल वाटतं.

मघाशी पुन्हा तापमापी बघायला उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. पेशी शिकवणाऱ्या बाईच्या पेशींना सकाळपासून चहाशिवाय काही नाही!

मग उकडलेल्या मटकीलाच फोडणी दिली आणि ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. उद्या वर्गात दुसरा थर्मास रिकामाच न्यावा लागेल.

मोडाच्या मटकीला हात लावला नाही. एकतीस अंश. या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं आज तेवढंच आहे.