गोफणीचा कापलेला फासा

अणदूर, मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच आहे. धाराशिवच्या हस्तकला प्रदर्शनातून आज माझी गोफण परत आणली, तर तिला फासाच नाही. बोटात अडकवायचा फासा, दगड सोडताना गोफण हातात राहावी म्हणून. संयोजक म्हणाले, "अरे, भिंतीवर एक टोक वेगळं दिसत होतं. दोन्ही सारखी केली. लोकांनी किती फोटो काढले." सरळ कात्री लावली. मला विचारलंही नाही. येताना एसटीत शेजारच्या बाईच्या पिशवीतून कोंबडी डोकं काढून बघत होती. एरवी मी हसलो असतो.

मामीची ज्वारी दाण्यात आली आहे, पाखरं तुटून पडतात. गोफण तिच्यासाठीच विणली होती, तिनं मागितली तशी तांबडी. मी कशातच टिकलो नाही, हातात घेतलेलं पुरं केलं ते हे पहिलंच. आज घरी येऊन उरलेल्या दोराला गाठ मारून फासा केला, तर ती बाजू आखूड झाली. मामीनं फिरवली. दगड पाखरांकडं न जाता मामाच्या किटलीवर.

मामी म्हणाली, "लई देखणी हाय रं. टांग भिंतीला."

तिनं चेष्टाच केली, पण झोंबली. फासा काय शोभेला होता? तसा शोभेलाही होताच की, सगळ्यात बारीक वीण मला तिथंच जमली होती. त्यांनी नेमकं तेच कापलं.

उद्या दुसरी विणायला घेतो. तांबडीच. फासा आधी विणणार, मामीच्या बोटाच्या मापाचा.