उठायची रीत

॥ श्री ॥
एनिस, आयर्लंड
१५ नोव्हेंबर २०२०

ती. विभाआत्यास,
अस्मिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझा हुकूम शेजारच्या चित्राकडून कळला. घरचा फोन बंद पडलाय, मोबाईलवर तुला नुसतं घूं घूं ऐकू येतं, तेव्हा यापुढे पत्रंच लिहायची. बरं बाई! मीही चार रविवार नुसती घंटा ऐकून कंटाळले होते. सात वेळा वाजली की मी नेहमीसारखी ठेवून द्यायची, म्हणायची आत्या देवळात गेली असेल. आता मी कागदावर लिहून फोटो पाठवायचा, चित्राने तिच्या झेरॉक्सच्या दुकानात तो छापून तुला आणून द्यायचा, आणि तुझ्या उत्तराचा फोटो मला. म्हणजे आपली सगळी गुपितं आधी तुझ्या खो-खो संघाची जुनी लाडकी कॅप्टन वाचणार. चित्रा, नमस्कार गं!

काल लक्ष्मीपूजन केलं. साडी नेसले, दोन पणत्या लावल्या आणि ज्या टेबलावर दिवसभर ऑफिसचं काम करते त्याच टेबलावर एकटीने जेवले. मार्चपासून कंपनी घरातूनच चालू आहे. दुकानातली बाई कशी आहेस विचारते, मी ग्रँड म्हणते, म्हणजे इथलं ‘मजेत’, ती ग्रँड म्हणते, झालं.

त्या स्कीच्या काठ्या अजून दारामागे उभ्या आहेत. फेब्रुवारीत तीन शनिवार डब्लिनला जाऊन शिकले होते, आठवतं ना? बर्फ नव्हताच, टेकडीवर ब्रशासारखा प्लॅस्टिकचा गालिचा अंथरलेला. ऑफिसची आम्ही नऊ जणं मार्चमध्ये ऑस्ट्रियाला जाणार होतो. मी उत्साहाने जुने स्की आणि बूटही विकत घेतले, आणि जगच बंद झालं. आता पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा आहे, म्हणून नुसत्या काठ्या घेऊन नदीकाठी जाते. समोरून कुत्रा घेऊन येणारे एक आजोबा रोज आभाळाकडे बघतात आणि बर्फ कधी पडणार म्हणून मला विचारतात. त्यांच्या त्या एका चेष्टेसाठी मी त्यांची वेळ साधून निघते, आत्या. इतकी एकटी झालेय.

कळावे. लोभ आहेच, सध्या तो जरा जास्तच पाठव.
तुझी
अस्मिता


॥ श्री ॥
वाई
२६ नोव्हेंबर २०२०

चि. अस्मितास,
विभाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. चित्राने एवढ्या ठळक अक्षरात छापलं की पानावर सहाच ओळी. मला काय दिसत नाही? मी ठणठणीत आहे. पेन्सिलीने लिहितेय म्हणून हसू नकोस. पेनातली रिफिल संपली, आणि या दिवसांत आणायला कोण जातंय.

काय गं, घसरायला काठ्या कशाला लागतात? आमच्या खो-खोत दोन खांब असतात, पण जमिनीत पक्के रोवलेले. त्यांना धरून गर्रकन वळायचं आणि पळायचं. तू आपले खांब हातात घेऊनच हिंडतेस! छत्तीस वर्षं मी मुलींना मातीत सूर मारायला शिकवलं. गुडघा फुटला की फुंकर घालायची आणि पुढचा खो द्यायचा, रडायचं नंतर. तुला लहानपणी मी शिकवलं नाही का? पण तू पुस्तकातून डोकं वर काढशील तर ना.

इकडे समोरच्या पत्र्यावर मांजरीने तीन पिल्लं घातलीत. एक अगदी आगाऊ आहे, सारखं कडेला जातं आणि मला धडकी भरवतं.

एकटी झालेय असं लिहीत जाऊ नकोस. इथे मला झोप लागत नाही. आणि लिहावंसं वाटलं तर लिहीच, कोंडून ठेवू नकोस.

कळावे. माझा लोभ तू मागायची गरज नाही, तो तुझ्या जन्मापासून तुझ्या नावावर आहे.
तुझी
विभाआत्या


॥ श्री ॥
एनिस
१० जानेवारी २०२१

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

अगं, बर्फ पडला! वीतभर नाही, पण चांगला चार बोटं. काल सकाळी मी ते स्की काढले. कुत्रेवाल्या आजोबांचंच गावाबाहेर उताराचं शेत आहे. त्यांनी फाटक उघडून दिलं, शुभेच्छा दिल्या आणि थंडी वाजते म्हणून घरी निघून गेले.

मी दहा-बारा पावलं छान घसरले आणि अशी आपटले की बस! पडताना काठ्या हातातून सोडून द्यायच्या असतात. शिकवणाऱ्या बाईंनी शंभरदा सांगितलं होतं, पण पडताना माणूस हाताला येईल ते घट्ट धरतं. अंगठा मुरगळला, कंबर एका दगडावर आली. आभाळ बघत पडून राहिले. रडले, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पडले म्हणून नाही गं. एवढ्या मोठ्या शेतात मी पडलेय आणि हे जगात कुणालाच ठाऊक नाही, म्हणून.

मग त्या बाईंचा पहिला धडा आठवला. पहिला पूर्ण दिवस त्यांनी आम्हाला फक्त पडायला आणि उठायला लावलं होतं. पडल्यावर धडपडायचं नाही, आधी चार श्वास घ्यायचे. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. स्की उताराला आडवे. दोन्ही काठ्या एकत्र धरून कमरेशेजारी रोवायच्या, एक हात वर, एक खाली, आणि आधी ढुंगण उचलायचं, डोकं सगळ्यात शेवटी. तिसऱ्या खेपेला उठले. अंगठा सुजलाय, बाकी मी ग्रँड.

तुझ्या पिल्लांचं काय झालं? पत्र लवकर लिही आणि गडद लिही, फोटोत तुझी पेन्सिल जेमतेम दिसते.

कळावे. लोभाची ऊब इकडे फार लागते.
तुझी
अस्मिता


॥ श्री ॥
वाई
२० जानेवारी २०२१

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

शहाणी! एकटीने कुणी असले उद्योग करतं का? अंगठा शेकत जा.

ते उठण्याचं मला पुन्हा नीट लिही. हातावर वजन किती येतं? काठीचं टोक सरकलं तर काय धरायचं? आधी कुठला गुडघा, दुखरा की चांगला? आणि एकदा पडलेलं माणूस दुसऱ्यांदा उभं राहतं तेव्हा पाय कापतात का? तुझे कापले का? खरं लिही. शाळा उघडली की मुलींना दाखवीन म्हणते.

ते आगाऊ पिल्लू आता पत्र्यावरून खिडकीच्या गजापर्यंत उडी मारतं.

कळावे, आणि लोभ आहे तिथेच आहे.
तुझी
विभाआत्या


॥ श्री ॥
एनिस
७ फेब्रुवारी २०२१

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र पेन्सिलीने लिहितेय. का ते वाच.

मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. कंबर चांगलीच दुखावलीय. डॉक्टरांनी पंधरा दिवस शक्य तितकं आडवं राहायला सांगितलंय. आज पाठीवर पडून, पाटी वर धरून तुला पत्र लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या आणि पेन चालेना. झटकलं, फुंकलं, दुसरं घेतलं, तेही दोन ओळींनी थांबलं. अगं, टोक वर केलं की शाई टोकाशी येतच नाही! मी इंजिनियर, मला कळायला नको? शेवटी पेन्सिल घेतली. ती चालली. आणि तुझी पेन्सिल आठवली.

मग तुझी दोन्ही पत्रं काढून वाचली. चित्राच्या दुकानात पेनं लटकलेली असतात, मी स्वतः तिथून घेतलीयत, आणि तुला रिफिल मिळत नाही? दोन्ही पत्रांत एक पत्रा, एक खिडकी आणि मांजरं. बाजार नाही, घाट नाही, कुणाशी भांडण नाही. आणि कुठल्या मुलींना दाखवणार आहेस? तुला निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली.

आत्या, तू कधीपासून आडवी आहेस?

चित्रा, तूही वाचते आहेस. बाईंना घाबरू नकोस, हे पत्र जसंच्या तसं त्यांच्या हातात दे.

तुझी
अस्मिता


॥ श्री ॥
वाई
१२ फेब्रुवारी २०२१

चि. अस्मितास,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस.

अकरा ऑक्टोबर, रविवार. मागच्या दोरीवरचे कपडे काढत होते आणि तुझा फोन वाजला. तू सात घंटा झाल्या की ठेवतेस, मग आठ दिवस तुझा आवाज नाही. मी धावले. पाचव्या घंटेला मधल्या खोलीच्या उंबऱ्याला ठेच लागली. सहावी आणि सातवी मी फरशीवर पडून ऐकली. मग तू ठेवलास. तासाभराने चित्रा विरजण मागायला आली म्हणून बरं. साताऱ्याला ऑपरेशन झालं, मांडीच्या हाडात सळई घातलीय. चित्रा आणि तिच्या सासूबाई माझं सगळं करतात.

तुला सांगून काय झालं असतं? विमानं बंद, घरात तू एकटी. बोल लावायला तुला दुसरं माणूसही नव्हतं, स्वतःलाच लावत बसली असतीस. फोन बंद नाही. वायर मी चित्राला काढायला लावली. तो वाजला असता आणि मला उठता आलं नसतं, ते मला सोसलं नसतं.

आता लाजिरवाणं सांगते. हाड जुळलंय. डॉक्टर डिसेंबरपासून चाला म्हणतात. फिजिओवाली मुलगी येते, वॉकर समोर ठेवते. पण पलंगाची कड सोडली की पाय लटलट कापतात आणि मी परत आडवी होते. हजारभर पोरींना मी मातीत झोकून द्यायला शिकवलं, आणि आता मलाच जमिनीची भीती वाटते, अस्मू. म्हणून तुला विचारत होते.

रागावू नकोस.
तुझी
विभाआत्या


॥ श्री ॥
एनिस
१३ फेब्रुवारी २०२१

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

रागावले नाही. खूप रडले. त्या रविवारी फोन ठेवून मी चहा करून घेतला होता, दोन बिस्किटंही खाल्ली होती. तेच सारखं डोळ्यांसमोर येतंय.

तू विचारलंस ना, माझे पाय कापले का? कापले. अजून कापतात. खोलीतून न्हाणीघरात जाताना मी भिंत धरते. पण एकदा आपली आपण उठले होते, हे पायांना आठवतं, आणि मग ते निघतात.

आधी चालू नकोस. फिजिओवालीला विचारून गादी जमिनीवर घाला, तिला आणि चित्राला तुला धरून तिच्यावर बसवू दे, आणि तू ऊठ. तेवढंच. जमिनीची ओळख झाली की मग काठ्या. चित्रा, शाळेत प्रभातफेरीच्या झेंड्यांच्या काठ्या पडून असतील, त्यातल्या दोन घे. हात कोपरात काटकोनात येईल इतक्या उंचीवर काप, खाली कुबडीची रबरी बुचं बसव. म्हातारीची काठी एक असते, आत्या. दोन असल्या की तो खेळ असतो.

कळावे. लोभ असू दे, आणि असं काही लपवणं पुरे.
तुझी
अस्मिता


॥ श्री ॥
वाई
गुढीपाडवा, १३ एप्रिल २०२१

चि. अस्मितास,
नवीन वर्षाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघ. पेन आहे. खुर्चीत बसून, टेबलावर कागद ठेवून लिहितेय.

पहिल्या दिवशी गादीवरून उठायला मला पाऊण तास लागला आणि मी त्या फिजिओच्या मुलीला नको नको ते बोलले. सहाव्या दिवशी उठले तेव्हा चित्राने माझीच जुनी शिट्टी वाजवली, आळीतली कुत्री भुंकायला लागली. मग तुझ्या काठ्या. एकावर अजून तिरंग्याचा रंग आहे. काल त्या घेऊन मधल्या खोलीपर्यंत गेले. उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिले. काठ्या पलीकडे रोवल्या, चार श्वास घेतले, आणि आधी चांगला पाय टाकला. आज गुढी चित्राने उभारली, पण हार मी घातला.

तुझी कंबर कशी आहे ते सविस्तर लिही. त्या कुत्रेवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि पुढच्या वेळी तुला शेतात एकटीला सोडून गेले तर गाठ माझ्याशी आहे म्हणावं.

कळावे. लोभ आहेच, आता तो हिंडूफिरू लागलाय.
तुझी
विभाआत्या

ता. क. चित्राने आज फोनची वायर परत लावली. रविवारी कर. पलंगापासून फोनपर्यंत यायला मला साडेतीन मिनिटं लागतात, आम्ही घड्याळ लावून बघितलं. मध्येच तुटला तर पुन्हा लाव, पुन्हा तुटला तर पुन्हा. मी आता धावणार नाही. पण तू सातव्या घंटेला ठेवू नकोस. वाजू दे. मी येत असेन.