थोरल्या जावयाचा अधिक महिना

१० मे, रविवार
पुढच्या रविवारपासून अधिक महिना. हडपसरला सासुरवाडीत यंदा धाकटा जावई सौरभ नवा आहे. आयटीतला. त्याचा पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणजे सगळे त्याच्याच मागेपुढे करणार. मी सव्वीस वर्षांचा जुना. आजवर नऊ अधिक महिने झाले, नऊही वेळा तेहतीस अनारशांचं वाण, ओवाळणी आणि पुरणाचे धोंडे.

यंदा धोरण वेगळं. वाण घ्यायला आधी नकार द्यायचा, शास्त्रीय कारणावरून. ते आग्रह करतील. पुन्हा नकार. तिसऱ्या आग्रहाला नाइलाजाने हो. सौरभला कोणी इतका आग्रह करणार नाही, तेव्हा मोठा कोण ते आपोआप ठरेल. आमच्या शनिवार पेठेत पहिल्या विचारण्याला कोणी चहासुद्धा घेत नाही.

१७ मे, रविवार. सकाळी ९
सासूबाईंचा फोन. बायकोने, सत्यशीलेने, स्पीकरवर टाकला. बापू, म्हणजे मी, वाणाला कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी खुर्चीतूनच सांगितलं की मी हे मानत नाही. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत उरकतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. इंग्रजी कॅलेंडरवाले चार वर्षांनी फेब्रुवारीला एक दिवस चिकटवतात. आपण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अख्खा महिना घालतो. यात जावयाचा काय संबंध?

मग सासूबाई बरं म्हणाल्या. पहिला नकार उत्तम झाला.

२० मे, बुधवार
दुसरा आग्रह अजून नाही. हडपसरला नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो.

२४ मे, रविवार
सत्यशीला माहेरी अनारसे करायला गेली होती. आली तेव्हा पदराला खसखस. मी सहज विचारलं, किती केले. म्हणाली, आपण मानत नाही ना, मग आकडा कशाला हवाय. लग्न होऊन आली तेव्हा बिचारी सरळ बोलायची. पेठेत राहून बिघडली.

३१ मे, रविवार
शेवटी मीच सासऱ्यांना फोन केला. कात्रजच्या बसपासून सुरुवात करून विषय हळूहळू वाणावर आणला. आप्पासाहेब म्हणाले, तुमचं आपल्याला पटलं, सगळ्या भावकीत सांगितलंय की आमचा थोरला जावई हे मानत न्हाय, लय अभिमान हाय. सात तारखेला सौरभचं वाण आहे, तेव्हा हा महिना का येतो ते तुम्ही चार लोकांत समजावून सांगा.

म्हणजे व्याख्यानानंतर सर्वांसमक्ष आग्रह होणार. याहून चांगलं काय? तयारी सुरू. एक तक्ता रंगीत काढायचा.

७ जून, रविवार. संध्याकाळी ७
सौरभ पाटावर, मी तक्त्यापाशी. अकरा दिवसांच्या तुटीपर्यंत पोचलो आणि ओवाळणी सुरू झाली. त्यानंतर माझ्याकडे पाठ नसलेला एकच माणूस होता, तो फोटोग्राफर. तोही मला जरा बाजूला व्हा म्हणाला.

जेवताना माझ्या ताटात दोन धोंडे पडले होते. तुपात भिजलेले. सासूबाईंनी ते स्वतः उचलून सौरभला वाढले आणि मला साधी पोळी दिली. बापूंच्या तत्त्वाला धक्का नको, म्हणाल्या. मी हसलो. हसायला फार त्रास झाला.

सौरभ आणि माझी मेहुणी पूर्णिमा तिथूनच एअरपोर्टला गेले. अनारशांचा डबा परवापर्यंत आमच्याकडे. सासूबाई म्हणाल्या, बापूंकडं ठिवा, ते खात न्हाईत.

८ जून, सोमवार. सकाळी ६.१०
डबा ओट्यावर आहे. विचार करता तेहतीस हा आकडा ढोबळ आहे. खरा साडेबत्तीस. केवळ अचूकतेसाठी अर्धा अनारसा खाल्ला. अर्धा अनारसा डब्यात फार वाईट दिसतो. उरलेलाही खाल्ला. जाळी सुरेख पडली आहे.

मोजतंय कोण?

१० जून, बुधवार
पूर्णिमाने मोजले. तिचा फोन आला. सत्यशीलेने सांगितलं की मुंग्या लागल्या असतील. फोन ठेवून माझ्याकडे पाहून म्हणाली, मोठ्या मुंग्या आहेत आमच्याकडे.

१४ जून, रविवार
लिहून टाकतो, इथे वाचणार कोण आहे. मला वाण हवं आहे. आई गेल्यापासून मला ओवाळणारं दुसरं घर नाही. नऊ वेळा सासूबाई निरांजन घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि नऊही वेळा मी घड्याळ बघत होतो.

उद्या १५ तारीख, महिन्याचा शेवटचा दिवस. हाफ डे टाकून हडपसरला जायचं. पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं. नाहीच विचारलं तर स्वतः मागायचं. लाज वाटली तरी मागायचं.

१५ जून, सोमवार. संध्याकाळी ७.३०
साडेचारला पोचलो. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, दारातच सासूबाईंना सांगितलं की मला वाण हवं आहे.

त्या म्हणाल्या, तांदूळ दोघांचेबी भिजवले होते. तुमचे तेहतीस वेगळ्या डब्यात. महिनाभर वाट पाहिली, बापू आज म्हणतील, उद्या म्हणतील. आज सकाळी साडेआठला अमावास्या सरली, तसा महिना सरला. मग नेऊन देवळात वाटले.

मी म्हणालो, मला वाटलं आज रात्री बारापर्यंत आहे. आप्पासाहेब कोचावरून म्हणाले, हा महिना चंद्रावर चालतो, असं तुम्हीच तक्ता काढून दाखवलं न्हवं?

पुढचा अधिक महिना २०२९ सालात येतो. मी आत्ताच हो म्हणून ठेवलं. तीनदा म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, करीन की, तवर मी असले तर.