पायाळूचा मान

१२ एप्रिल, रविवार
पूजा, हरिपाठ झाला. समईत कालचंच तेल पुरवलं.
पुढच्या खोलीतला भाडेकरू निनाद, यवतमाळकडचा, रिसॉर्टच्या ऑफिसात आहे. त्यानं ओट्यावर लॅपटॉप लावून ह्यांना सिनेमा दाखवला. इंग्रजी, पण बोलणं हिंदीत. एक टोपीवाला प्रोफेसर. कॉलेजात शिकवायचं सोडून जुन्या देवळांतून खजिना शोधत हिंडतो. पायांत बूट तसेच, थेट गाभाऱ्यात. सोबतचे हमाल एकेक करून मेले. त्यांच्या घरी कुणी कळवलं का, ते काही दाखवलं नाही. मी भाकरी टाकायला उठले. हे शेवटपर्यंत बसले. म्हणाले, परत लाव.

१९ एप्रिल, रविवार
पुन्हा तोच सिनेमा. निनाद म्हणाला, "काका, आता तुम्हीच टोपी घाला." हे हसले नाहीत.
जेवताना जुनंच सुरू. धरणात बुडालेल्या गावात पणजोबांचं घर, चुलीमागं तांब्याचा हंडा पुरलेला. परत येऊ म्हणून लोक उठले, अन् पाणी आलं. लग्न झाल्यापासून ऐकते. यंदा पाणी लई खाली गेलंय, जुन्या देवळाचं जोतं उघडं पडलंय.
"त्या प्रोफेसरला दुसऱ्याच्या बापाचं घावतं, मग मला माझ्या पणज्याचं का न्हाई?"
जमीन विकल्यापासून दिवसभर हाताला काम नाही. त्याचं हे सगळं.

२७ एप्रिल, सोमवार
आठवडाभर हे कुदळ घेऊन धरणात जात होते. गाळ अन् खापऱ्या. आज एका बुवांना घेऊन आले. "प्रोफेसरकडं नकाशा असतोय, आपल्याकडं बुवा." साधूपुरुष समजून वाढलं. चहाला तेवढी साखर घरात आम्हीही घेत नाही.
उठताना बुवांच्या कमरेत उसण भरली. सवयीनं प्राजूला हाक मारली. लेक आमची पायाळू, पायांकडून जन्मलेली. कुणाला उसण भरली की तिचा पाय पाठीला लावायला येतात, आसपासच्या वाड्यांतून. प्राजू पुस्तक ठेवून कुरकुरत आली, "आई, मी बीकॉम करतेय का मालिशचं दुकान चालवतेय?" लावला पाय. बुवा सरळ झाले.
"पोरगी पायाळू हाय व्हय? बोलला न्हाईत कधी."
हे खाली बघत होते.

५ मे, मंगळवार. अंगारकी
उपास. आज ह्यांनी उलगडून सांगितलं. पायाळूच्या डोळ्यांत बुवांचं अंजन घातलं की तिला भुईतलं धन दिसतं. १६ला शनी अमावास्या. प्राजूला खड्ड्याच्या तोंडाशी बसवायची. "नुस्तं बघायचं हाय तिनं."
मी विचारलं, आणि धनाला काय द्यायचं? ऐकून आहे मी, असलं धन फुकट उठत नाही.
"काळा कोंबडा."
"आणि कोंबड्यावर नाही भागलं तर?"
सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाले, "भागंल."
चंद्र उगवला, नैवेद्य दाखवला. माझं ताट झाकून ठेवलं.

८ मे, शुक्रवार
ह्यांची पिशवी धुवायला घेतली. आत लिंबं, शेंदूर, हिरवं कोरं कापड. तळाशी नवा कोयता, कागदात गुंडाळलेला. घरात दोन कोयते आहेत, दोन्हींना धार आहे. जो माणूस फाटकी चप्पल शिवून घालतो त्यानं तिसरा कोयता का आणावा?
विचारलं. "बुवांनी कोराच सांगितलाय."
कोंबड्याला विळीसुद्धा पुरते.
पिशवी न धुताच होती तशी ठेवली.

९ मे, शनिवार
पहाटे प्राजूला बहिणीकडं साताऱ्याला लावून दिलं. ह्यांना सांगितलं, बहीण न्हाणीत पडली, करायला कुणी नाही. खोटं बोलले. देवापुढं नाक घासलं.
थांब्यावर प्राजू म्हणाली, "आई, बाबा मला काही करतील असं वाटतं तुला?"
मी म्हटलं, चल, गाडी सुटेल.

११ मे, सोमवार
हे ओरडले नाहीत, आदळआपट नाही. मला त्याचीच भीती वाटते.
दुपारी शेजारच्या हौसाक्का वाकून वाकून आल्या, उसण भरलेली. "प्राजू कुटंय गं?" माझं लक्ष तांदळात. बोलून गेले, "ती मावशीकडं गेलीये. मासेवाल्या सोनाबाईची नात पण पायाळूच आहे की, कातकरवाडीवर जा."
हे ओट्यावर सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.
देवा, माझ्या जिभेला काय झालं होतं?

१४ मे, गुरुवार
सोनाबाई मासे घेऊन आली. आपण होऊनच सांगू लागली, तोंडभर हसत. "ताई, तुमच्या मालकानं आमच्या मंगीला कापड दिलंय, हिरवंगार. शनवारी पूजेला बसवायची हाय म्हनं, पायाळू म्हून. आमच्या पोरीला आजवर कुनी मान दिला व्हता का?"
मंगी सात वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत.
मी म्हटलं, नको पाठवूस.
"का वो?"
"नको म्हणते ना."
"आमी कातकरी म्हून? तुमची पोर बसली आसती तर चाललं आसतं?"
कोयत्याचं ओठावर आलं होतं. पण तो माझ्या घरातला कोयता. बोलले नाही. तिनं पाटी उचलली. मासे न देताच गेली, मागं वळून पाहिलं नाही.
संध्याकाळी निनादला सगळं सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. "काकू, याला कायदा आहे. चौकीत जा. मी येतो सोबत." मी म्हटलं, तू लांबचा पोर, तुला राहायचंय इथं. मग तो हळूच म्हणाला, "पण काकांचं नाव द्यावं लागेल."

१५ मे, शुक्रवार
सकाळी ह्यांना देवघरापुढं उभं केलं. म्हटलं, त्या पोरीच्या केसाला धक्का लागणार नाही, देवाच्या पायावर हात ठेवून सांगा. मी परत शब्द काढणार नाही.
हात पुढं केला. देवापासून वीतभर अंतरावर थांबला.
"आंगूळ न्हाई झाली माझी."
न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज काही आला नाही. जाऊन बघते तर मागचं दार उघडं, कोनाड्यातली पिशवी नाही.
देवाला हळदकुंकू वाहिलं. काय मागावं सुचलं नाही. ह्यांच्यासाठी मागू की त्या पोरीसाठी?
थांब्यावर बसून लिहितेय. दुपारची गाडी अजून नाही. ऊन डोक्यावर. आधी कातकरवाडीवर जाऊन आले. सोनाबाईच्या झोपडीला कडी. शेजारीण म्हणाली, मंगीला घेऊन बाजाराला गेली, बांगड्या घ्यायला.
चौकीत पहिल्यांदा नाव विचारतील. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, बायका हसल्या होत्या. त्यानंतर तोंडानं कधी घेतलं नाही. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, दर वेळी प्राजू सांगायची. आईनं शिकवलं होतं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. पटत नाही, पण अंगात भिनलंय.
हात वळतो का बघते.
दत्तात्रय सखाराम.
लिहिता आलं. थांब्यावर कुणी नाही, म्हणून मोठ्यानं म्हणायला गेले. ओठ हलले, आवाज नाही.
गाडी वळणावर दिसतेय.