तक्त्यात न धरलेलं दूध

३ मार्च
रजा संपली! दूध मंडळाच्या आकडेवारी शाखेत माझं टेबल होतं तस्संच, धुळीसकट. साहेबांनी पहिल्याच दिवशी काम गळ्यात मारलं — जगातल्या दहा मोठ्या दूध उत्पादक देशांचा तुलनात्मक तक्ता, महिनाअखेरपर्यंत. ठमी घरी सासूबाईंपाशी. पाच महिन्यांची, नाव ठमी आणि अंगाने काडी.

दुपारी फायलींच्या खोलीत दार लावून ठमीसाठी दूध काढायचा पंप लावला. साठ मिली.

४ मार्च
पंचावन्न.

७ मार्च
एकूण उत्पादनात भारत पहिला, अमेरिका दुसरी. पण अमेरिकेतली एक गाय वर्षाला जवळपास अकरा हजार किलो दूध देते! वाचलं आणि बाटलीकडे बघितलं — पन्नास मिली. हसू आलं, मग रडूच आलं.

रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, डब्याचं दूध सुरू कर. पोर अर्धपोटी राहतेय." मी ताडकन बोलले, "माझं पुरतं तिला!"

आणि पुरत नसेल तर? हे फक्त इथेच लिहू शकते.

१२ मार्च
पंचेचाळीस. सासूबाईंनी परत डब्याचा विषय काढला नाही. चक्क! माझ्या जिभेचा धसका घेतला असावा.

१८ मार्च
दोन अहवालांत एकाच देशाचे आकडे वेगळे. डोकं पिकलं. शेवटी साहेबांना विचारलं. म्हणाले, "अहो मॅडम, वासरू थेट पितं ते कुणी धरतं, कुणी सोडतं. बादलीत पडलं तेवढंच दूध असं थोडंच आहे!"

जीव भांड्यात पडला. बाटलीत कमी आलं म्हणून काय झालं? सकाळ-संध्याकाळ ठमी माझ्याकडे पितेच की! ते कोण मोजतंय?

२५ मार्च
दवाखान्यात वजन केलं. तीन आठवड्यांत पाचशे ग्रॅम वाढ! नर्स म्हणाली, "छान. जे चाललंय तेच चालू ठेवा."

घरी येऊन ऐकवलंच — "बघा, माझंच दूध!" सासूबाई म्हणाल्या, "हो गं बाई, तुझंच." आणि ठमीला कडेवर घेऊन आत गेल्या.

३१ मार्च
तक्ता देऊन लवकर घरी आले. चहाची पूड शोधत वरच्या फळीवर हात घातला. मोठ्या पातेल्यामागे बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा, तळाला आलेला. त्यामागे आणखी दोन, रिकामे. आधी संताप आला. मग इतकी लाज वाटली! बाहेरच्या खोलीत ठमी सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपलेली.

चपला घातल्या, दुकानातून नवा डबा आणला आणि पातेल्यामागे ठेवून दिला.